सिनेमा चालू असताना पडद्यावरचा नट ओळखायचा कसा?

धागाकर्ता: मध्यंतर_नको

नायक-नायिकांचं सोडा, ती ओळखू येतातच. प्रश्न बाकीच्यांचा आहे. दोन प्रसंगांपुरता येणारा वकील, दार उघडणारी शेजारीण, एकदाच डोकावणारा इन्स्पेक्टर. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव ओठांवर येऊन अडतं आणि पुढची पंधरा मिनिटं सिनेमा एकीकडे नि आपण एकीकडे.

जे जे उपाय सुचतात ते कुठे ना कुठे अडकतात:

- ओटीटीवर स्क्रीनशॉट घेतला की नुसता काळा चौकोन. कधीकधी सबटायटल्स तेवढी दिसतात.
- टीव्हीचा फोटो काढून गूगल लेन्सला दिला, तर लेन्स माणूस सोडून त्याच्या अंगातला शर्ट शोधून देतं.
- आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावर साठ नावांची यादी आणि त्यातल्या निम्म्यांना फोटोच नाही.
- जुन्या हिंदी-मराठी सिनेमांत कोणी कुठली भूमिका केली हेच लिहिलेलं नसतं.
- कोरियन सिनेमात वेगळीच पंचाईत. काळ्या कोटातली दोन माणसं दोन आहेत की एकच, हे अर्धा तास कळत नाही.

सिनेमा फार तर एक-दोन मिनिटं थांबवून नाव पक्कं करता येईल अशी रीत हवी आहे. ॲपांची नुसती नावं नकोत, ती कुठे गंडतात तेही सांगा.

शेवटची_पाटी

सुरुवात उलट्या टोकाकडून होते, म्हणून अडतं. चेहऱ्यावरून नाव शोधायला जाऊ नका. सिनेमा कुठला हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे उत्तर त्या साठ नावांच्या आतच आहे. साठांतून पन्नास वगळणं हे जगातल्या सगळ्या चेहऱ्यांत एक शोधण्यापेक्षा केव्हाही सोपं. चेहरा हा शेवटचा पुरावा म्हणून वापरायचा.

आधी पात्राचं नाव पकडा. सबटायटल्स चालू ठेवा. कोणीतरी त्या माणसाला हाक मारतंच. श्रवणक्षीण प्रेक्षकांसाठीची सबटायटल्स असतील तर तीच निवडा. बोलणारा पडद्याबाहेर असला की त्यांत त्याचं नाव बहुतेक वेळा दिलेलं असतं. नाव मिळालं नाही तर पात्राचं काम पकडा: वकील, नर्स, बँकेचा मॅनेजर. यादीत पात्राच्या रकान्यात पुष्कळदा एवढंच लिहिलेलं असतं.

मग पूर्ण यादी उघडा. आयएमडीबीच्या पहिल्या पानावर मोजकीच नावं दिसतात आणि बरेच जण तिथेच थांबतात. तुमचा वकील हमखास आतल्या पूर्ण यादीत असतो. ब्राउझरमध्ये पानावर शब्द शोधायची सोय वापरून पात्राचं नाव किंवा काम टाका. मालिका असेल तर मालिकेच्या पानावर शोधत बसू नका, त्या भागाचं स्वतंत्र पान उघडा. एकाच भागापुरता आलेला पाहुणा नट मालिकेच्या पानावर शेकडो नावांच्या गर्दीत बुडालेला असतो. भागाच्या पानावर तो वीस-पंचवीसांत सापडतो.

यादीचा क्रमही बोलतो. शेवटच्या पाट्यांवर 'पडद्यावर येण्याच्या क्रमाने' असं लिहिलेलं असेल तर काम झालंच. तुमच्या माणसाच्या आधी कोण आलं आणि नंतर कोण, एवढं आठवलं की त्या दोघांच्या मधली दोन-तीन नावंच उरतात. क्रम वर्णानुक्रमाने असेल तर ही युक्ती चालत नाही. मानाप्रमाणे असेल तर निदान वरची पाच-सहा आणि तळाची 'दुसरा पहारेकरी' छापाची नावं वगळता येतात.

उरलेल्या नावांची पानं उघडून दोन गोष्टी बघा: जन्मसाल आणि बाकीची कामं. फोटोवर विसंबू नका. पानावर लावलेला फोटो सिनेमाच्या वीस वर्षं आधीचा किंवा नंतरचा असू शकतो. सिनेमाच्या सालातून जन्मसाल वजा केलं की पंचेचाळिशीच्या वकिलासाठी चोविशीचा नट आपोआप बाद होतो.

आणि 'ह्याला त्या दुसऱ्या सिनेमात पाहिलंय' असं वाटत असेल तर तो दुसरा सिनेमाही उघडा आणि दोन्ही याद्यांतलं सामाईक नाव शोधा. सगळ्यांत लवकर उत्तर देणारी रीत हीच.

पडद्यामागचा_पडदा

वरच्याला +१. आता तांत्रिक भाग.

स्क्रीनशॉट काळा येतो कारण ओटीटीवरचं चित्र कुलूपबंद येतं आणि उपकरणाच्या संरक्षित भागातच उलगडून थेट पडद्यावर जातं. स्क्रीनशॉट घेणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत ते पोचतच नाही. सबटायटल्स आणि बटणं ॲप वेगळी रंगवतं, म्हणून ती तेवढी दिसतात. मोबाइल बिघडलेला नाही. त्याच्याशी झटापट करू नका, गरजही नाही.

दुसऱ्या फोनने टीव्हीचा फोटो काढायचा असेल तर आधी चौकट (फ्रेम) नीट निवडा. सिनेमा साधारणपणे सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि प्रत्येक चौकट बहुतेक वेळा १/४८ सेकंद उघडी असते. एवढ्या वेळात वळणारं डोकं पुसट होतं, म्हणून कुठेही थांबवलं तरी चेहरा फिसकटलेला मिळतो. माणूस बोलत असताना थांबवू नका, दुसऱ्याचं ऐकत असताना थांबवा. तेव्हा मान स्थिर असते, तोंड मिटलेलं असतं आणि कॅमेरा बहुधा जवळ असतो.

संगणकावर स्वतःकडची फाइल असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये इंग्रजी ई अक्षराची कळ दाबून एकेक चौकट पुढे जाता येतं. विंडोजवर शिफ्ट आणि एस एकत्र दाबले की चौकटीचं चित्र साठवलं जातं. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक चौकट पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक मागे.

टीव्हीच्या फोटोत लाटांसारखी नक्षी येते. ती पडद्याच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर पडल्यामुळे. जवळ जाऊन फोटो काढला तर ती वाढू शकते. दोन-तीन पावलं मागे या, दुप्पट झूम करा. नक्षी तरीही दिसली तर अंतर थोडं बदला. आडवे काळे पट्टे येत असतील तर तो पडद्यामागच्या दिव्याच्या लुकलुकण्याचा परिणाम. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवा. खोलीतला दिवा बंद करा आणि उजेड जुळवायला फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावरच बोट टेकवा, नाहीतर मागच्या खिडकीपायी चेहरा काळवंडतो.

लेन्स शर्ट दाखवतं, कारण तुम्ही त्याला शर्टच जास्त दिलेला असतो. केसांपासून हनुवटीपर्यंत, दोन्ही कान आत येतील असं कापा. सबटायटल आणि वाहिनीचा लोगो बाहेर ठेवा. चित्रासोबत शब्द जोडायची सोय लेन्समध्ये आहे, तिथे सिनेमाचं नाव टाका. तरीही दुय्यम नटांच्या बाबतीत फार आशा धरू नका. ज्याचे नावासकट छापलेले फोटो जाळ्यावर दहाच आहेत त्याच्याऐवजी ज्याचे दहा हजार आहेत असा सारख्या ठेवणीचा कोणीतरी प्रसिद्ध माणूस ते पुढे करतं.

लेन्सचा खरा उपयोग सिनेमाच माहीत नसताना होतो. अशा वेळी चेहरा कापू नका, पूर्ण चौकट द्या. प्रसंगाचं जाहिरातीतलं चित्र जुळतं, सिनेमाचं नाव कळतं आणि मग यादी आहेच. रीलमधली क्लिप असेल तर एक मेख लक्षात ठेवा: स्वामित्वहक्काच्या तपासणीतून निसटायला पुष्कळ जण चित्र आरशासारखं उलटं करतात. पाटी किंवा गाडीचा नंबर उलटा दिसला तर चित्र आधी सुलटं करा, मग शोधा.

मध्यंतर_नको

भागाच्या स्वतंत्र पानाची गोष्ट लक्षातच आली नव्हती, आभार. प्राइम व्हिडिओवर एक्स-रे म्हणून प्रकार आहे, त्याबद्दल कोणी लिहील का? प्रसंगात चार माणसं असतात आणि तो तीनच नावं दाखवतो, असं का?

शेवटची_पाटी

एक्स-रे २०१२ पासून आहे. आयएमडीबी १९९८ पासून ॲमेझॉनच्याच मालकीचं, त्यामुळे मागची माहिती तिथलीच. टीव्हीवर सिनेमा थांबवून रिमोटचं वरच्या दिशेचं बटण दाबा, मोबाइलवर पडद्याला स्पर्श करा, ब्राउझरमध्ये माउस हलवा. चालू प्रसंगातले नट समोर येतात. नावावर गेलात की पात्राचं नाव आणि नटाची बाकीची कामं दिसतात. पूर्ण यादी उघडली तर सिनेमातले बाकीचेही.

तीनच नावं दिसतात, कारण ही यादी प्रसंगाला बांधलेली असते, प्रत्येक चौकटीला नाही. चौथा माणूस श्रेयनामावलीतच नसेल तर तो इथेही नसतो. याच्या उलट, दिसत नसलेल्या माणसाचं नावही येतं, कारण तो त्याच प्रसंगात थोडा आधी दिसून गेलेला असतो. म्हणून चेहरा दिसल्या क्षणी लगेच थांबवण्यापेक्षा तो दोन वेगवेगळ्या प्रसंगांत दिसेपर्यंत थांबा आणि दोन्हीकडे सामाईक असलेलं नाव घ्या. हे तंत्र फार खात्रीचं आहे.

सगळ्या सिनेमांना एक्स-रे नसतो. जुन्या आणि लहान चित्रपटांत पुष्कळदा नसतोच. ॲपलने आपल्या टीव्ही-उपकरणाच्या टीव्हीओएस १८ या प्रणालीसोबत, २०२४ मध्ये, इनसाइट नावाची अशीच सोय आणली: सिनेमा चालू असताना रिमोटवर खाली सरकवलं की पडद्यावरचे नट आणि वाजणारं गाणं कळतं. पण ती ॲपलच्या स्वतःच्या निर्मितींसाठी आहे. स्वतःकडच्या फाइलींच्या संग्रहासाठी प्लेक्स, जेलीफिन, कोडी हे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना नटांची यादी फोटोंसकट मिळते. ती टीएमडीबीसारख्या सिनेमांच्या माहितीकोठारांतून येते आणि टीएमडीबीतली भर सभासदच घालतात, त्यामुळे भारतीय सिनेमांत पात्रांचे रकाने बरेच रिकामे दिसतील. प्रसंगानुसार कोण आहे हे त्यातून कळत नाही.

शेवटच्या पाट्या लहान होऊन कोपऱ्यात जातात आणि पुढचा सिनेमा सुरू होतो, हा सगळ्यांचाच वैताग. पाट्या सुरू होताच त्या लहान चौकोनावर किंवा 'श्रेयनामावली पाहा' अशा बटणावर दाबा. नेटफ्लिक्सवर पुढचा भाग आपोआप सुरू होणं प्रोफाइलच्या सेटिंगमधून बंदही करता येतं.

जुनी_रिळं

जुन्या हिंदी-मराठी सिनेमांबद्दल. इथे वरच्या बऱ्याच युक्त्या लंगड्या पडतात. नावं सुरुवातीच्या पाट्यांवर असतात, शेवटी नुसतं 'समाप्त'. पाट्यांवर नावं एकगठ्ठा असतात, भूमिका नाहीत, आणि क्रम मानाचा. तेव्हा काम असं करावं.

पाट्या थांबवून वाचा आणि नावं लिहून घ्या. यूट्यूबवरच्या प्रतींत पाट्या कापलेल्या असतात. तसं असेल तर त्याच सिनेमाची दुसरी प्रत शोधा. हिंदी सिनेमासाठी 'हिंदी फिल्म गीत कोश'सुद्धा उपयोगी आहे, त्यात गाण्यांसोबत कलाकारांची नावंही दिलेली आहेत. मग ज्यांचे चेहरे तुम्हाला पक्के माहीत आहेत ती नावं खोडा. राहिलेल्या प्रत्येक नावासाठी त्याच दोन-चार वर्षांतला असा एखादा सिनेमा शोधा, ज्यात त्याची भूमिका नोंदलेली आहे. तिथला चेहरा इथल्याशी ताडून बघा.

ठरावीक साचे मदतीला येतात. त्या काळात एकदा इन्स्पेक्टर झालेला नट जन्मभर इन्स्पेक्टर. जगदीश राज यांच्या नावावर १४४ चित्रपटांत पोलिसाची भूमिका केल्याचा गिनीज विक्रम आहे. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातला खाकी वर्दीतला चेहरा ओळखायचा असेल तर इफ्तेखार आणि जगदीश राज ही दोन नावं आधी तपासायची, मग पुढे.

नावांचे गोंधळ मात्र जपून. सुलोचना म्हणजे मूकपटांच्या काळातल्या तारका रूबी मायर्स, आणि सुलोचना म्हणजे आपल्या सुलोचनादीदी लाटकर. दोघींनीही पुढे हिंदीत चरित्रभूमिका केल्या, त्यामुळे साठनंतरच्या हिंदी सिनेमात पाटीवर नुसतं 'सुलोचना' असेल तर चेहरा बघितल्याशिवाय नोंदींवर विश्वास ठेवू नका. नझीर हुसेन हे नट, नासिर हुसेन हे दिग्दर्शक. जयश्री गडकर आणि जयश्री टी. यांच्यात चेहऱ्याने कोणी फसणार नाही, पण पाटीवर नुसतं 'जयश्री' दिसलं की फसतात.

बालकलाकारांच्या नावाआधी 'मास्टर' किंवा 'बेबी' असतं आणि पुढे नाव बदलतं. 'आवारा'मध्ये (१९५१) लहानपणचा राज झालेले शशी कपूर पाटीवर 'शशिराज' आहेत, कारण शशी कपूर नावाचा एक बालकलाकार पौराणिक चित्रपटांत आधीच होता. नीतू सिंग लहानपणी 'बेबी सोनिया'. म्हणून यादीतल्या मास्टर-बेबींच्या पानावर जाऊन ते पुढे कोणत्या नावाने वावरले ते बघाच. 'हा चेहरा कुठेतरी पाहिलाय' याचं उत्तर तिथे बरेचदा सापडतं.

शेवटची_पाटी

'मास्टर' म्हणजे बालकलाकारच, हे सरसकट नको. मास्टर विठ्ठल १९३१ च्या 'आलम आरा'चे नायक होते. मास्टर विनायक, मास्टर भगवान हेही मोठेपणीच्या कामांत मास्टरच. उलट विनायकांची मुलगी नंदा खरोखर लहानपणी 'बेबी नंदा' होती. चाळीसच्या दशकापर्यंतच्या पाट्यांवर 'मास्टर' दिसलं तर वय गृहीत धरू नका.

एकाच नावाचे दोन नट हा प्रकार इंग्रजीतही आहे. हॉलिवूडच्या कलाकार संघटनेत नाव आधीच घेतलेलं असेल तर नव्या माणसाला दुसरं घ्यावं लागतं. मायकल कीटनचं मूळ नाव मायकल डग्लस, ते याच कारणाने बदललं. तरी जगभरच्या नोंदी एका कोठारात आल्या की नावं जुळतातच. आयएमडीबीवर नावापुढे रोमन आकडा दिसला तर त्याच नावाचे आणखी कोणी आहेत असं समजा आणि पात्र जुळतंय का ते बघूनच पुढे जा.

जुनी_रिळं

मास्टर विठ्ठलांचा मुद्दा मान्य. माझं वाक्य पन्नासनंतरच्या पाट्यांपुरतं धरा.

भुवयांचा_पुजारी

चेहरा हा शेवटचा पुरावा हे ठीक, पण तो पुरावा वाचता यायला हवा. अनोळखी चेहरा लक्षात ठेवताना आपली नजर केस, डोक्याचा घाट, दाढी, चष्मा अशा बाहेरच्या गोष्टींवर जाते. ओळखीचा चेहरा मात्र डोळे-नाक-तोंडाच्या मधल्या भागावरून ओळखला जातो. गडबड इथेच आहे, कारण नट भूमिकेगणिक बदलतो ते नेमकं बाहेरचं: केस, दाढी, वजन.

मग बघायचं काय? भुवया. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नामांकित लोकांच्या फोटोंतून एकदा डोळे पुसले आणि एकदा भुवया. भुवया पुसलेले चेहरे ओळखणं लोकांना जास्त जड गेलं. दुसरा अवयव कान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच पोलिसांतल्या आल्फोन्स बर्टिलाँने गुन्हेगार ओळखण्यासाठी कानाच्या आकारावर भर दिला होता, कारण मोठेपणी तो फारसा बदलत नाही. कानाची पाळी वयानुसार लोंबते, पण वरची वळी, आतल्या घड्या, पाळी गालाला चिकटलेली की सुटी, हे तसंच राहतं. बाजूने दिसणारी चौकट थांबवा आणि नटाच्या पानावरच्या बाजूच्या फोटोशी जुळवा. तिसरं, हसताना दिसणारी वरच्या दातांची ओळ. दात बसवून घेतले असतील तर मात्र ही खूण गेली.

आवाज ही खूण मोठी, पण भारतीय सिनेमात घातकी. श्रीदेवींचा आवाज हिंदीत आधी दुसऱ्यांचा असायचा. 'आखरी रास्ता'त (१९८६) तो रेखांचा आहे. स्वतःचा आवाज त्यांनी पहिल्यांदा दिला तो 'चांदनी'त (१९८९). 'गुलाम'मध्ये (१९९८) राणी मुखर्जींचा आवाज दुसऱ्या कलावतीचा आहे. डब केलेल्या प्रतीत तर आवाजावरून काहीच ठरवू नये. भाषा बदलायची सोय असेल तर दहा सेकंद मूळ भाषा लावून ऐका.

नाव ओठांवर अडण्याबद्दल. चेहरा दिसला की आधी 'ओळखीचा' ही जाणीव होते, मग त्याची माहिती येते (त्यात न्यायाधीश होता, अमक्याचा भाऊ होता) आणि नाव सगळ्यांत शेवटी. ब्रूस आणि यंग यांनी १९८६ मध्ये मांडलेलं हे प्रारूप आजही वापरतात. त्यात एखादं जवळपासचं चुकीचं नाव तोंडात आलं की ते बरोबर नावाची वाट अडवून बसतं, आणि जितकं घोळवाल तितकं घट्ट होतं. आठवायचा प्रयत्न सोडा आणि यादी वाचा. आठवण्यापेक्षा समोर दिसलेलं ओळखणं मेंदूला सोपं जातं. शेवटची_पाटी यांची रीत चालते ती म्हणूनच.

कोरियन सिनेमाचं कोडंही इथलंच. ज्या वंशाचे चेहरे लहानपणापासून कमी पाहिले ते वेगळे ओळखायला जड जातात. १९६९ पासून यावर प्रयोग झालेत आणि सगळ्याच समाजांत हे आढळतं. उपाय म्हणजे सिनेमा सुरू करण्याआधी पहिल्या सहा नटांचे फोटो बघून ठेवणं आणि प्रत्येकाची न बदलणारी एकच खूण धरणं: केसांची रेषा, तीळ, भुवईचा कोन. कोट आणि चष्मा धरू नका, तो पुढच्या प्रसंगात जातो. नावांत आडनाव आधी येतं आणि किम, ली, पाक ही आडनावं अर्ध्या यादीला असतात, म्हणून आडनावाने शोधू नका. रोमन लिपीत एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहितात. यादीतलं कोरियन लिपीतलं नाव उचलून शोधलं तर घोळ टळतो.

काही जणांना स्वतःच्या भाषेतल्या सिनेमातही, टोपी घालताच पात्र ओळखू येत नाही. चेहरे ओळखण्यात जन्मजात अडचण असणारे शंभरात साधारण दोन असतात. त्यांच्यासाठी पात्राची चाल, आवाज, कपड्यांचा रंग या खुणा जास्त कामाच्या, आणि एक्स-रे ही चैन नसून गरजच.

पडद्यामागचा_पडदा

भुवयांबद्दल उत्तम. फक्त प्रोस्थेटिक मेकअप असेल तर भुवया, कान, सगळंच रबराचं असतं. 'कपूर अँड सन्स'मधले (२०१६) आजोबा ऋषी कपूर आहेत हे चेहऱ्याच्या कुठल्याच मापाने कळणार नाही. 'सस्पिरिया'च्या (२०१८) नव्या आवृत्तीत म्हातारा डॉक्टर लुट्झ एबर्सडॉर्फ नावाच्या नटाने केल्याची नोंद होती. आत निघाली टिल्डा स्विंटन. म्हणजे चेहराही खोटा आणि यादीही खोटी. अशा वेळी मेकअपची श्रेयं बघा. एखाद्या नटासाठी वेगळा प्रोस्थेटिक कलाकार नोंदवलेला असेल तर तो नट कुठेतरी लपलेला आहे.

संगणकाने बसवलेले चेहरे ही पुढची पायरी. 'रोग वन'मध्ये (२०१६) पीटर कुशिंगचा चेहरा आहे, पण काम गाय हेन्रीचं. कुशिंग १९९४ मध्येच वारले. चेहरा ओळखणारं कुठलंही यंत्र कुशिंगच म्हणेल.

यंत्रांचं निघालंच आहे तर: ॲमेझॉनच्या रेकग्निशन सेवेत प्रसिद्ध व्यक्ती ओळखायची सोय २०१७ पासून आहे. नावासोबत ती खात्रीचा आकडाही देते. १९२०×१०८० च्या चित्रात चेहरा निदान ४०×४० पिक्सेलचा असावा लागतो, म्हणजे लांबवरच्या गर्दीतला माणूस सोडून द्या. पण ती प्रोग्रॅमरांसाठी आहे, सोफ्यावरून वापरायची नाही.

चॅटबॉटला फोटो दिला तर बहुतेक जण चेहऱ्यावरून नाव सांगायला नकार देतात. वर्णन लिहून 'अमुक सिनेमात वकील कोण होता' विचारलं तर उत्तर येतं, पण दुय्यम भूमिकांत ते बिनदिक्कत चुकीचं असतं: त्याच दिग्दर्शकाच्या दुसऱ्या सिनेमातला नट इथे आणून बसवतात. मिळालेलं नाव पूर्ण यादीत नसेल तर टाकून द्या. आणि जाळ्यावरच्या कोणत्याही माणसाचा चेहरा शोधणारी जी संकेतस्थळं आहेत, ती मागच्या गर्दीतल्या एक्स्ट्रांवर चालवू नका. तो नामांकित माणूस नसतो, हाती लागतो तो एखाद्याचा खाजगी फोटो.

शेवटची_पाटी

एवढं करूनही नाव मिळालं नाही तर इथे विचारा, पण विचारताना 'तो टकला कोण' एवढंच नको. सिनेमा आणि साल, पात्राचं काम, प्रसंगात आणखी कोण आहे, साधारण वय, आणि तुम्ही कोणती नावं तपासून वगळलीत ते लिहा. वगळलेल्या नावांमुळे दहा जणांची तीच तीच उत्तरं टळतात.

वेळ लिहाल तर प्रत कुठली तेही लिहा. २४ चौकटींचा सिनेमा काही देशांच्या टीव्हीसाठी आणि डीव्हीडीसाठी २५ ने चालवतात, त्यामुळे १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो. तुमच्या १ तास ४० मिनिटांचा वकील दुसऱ्याच्या प्रतीत १ तास ३६ मिनिटांवर बोलून गेलेला असतो, आणि तिथे भलताच कोणीतरी दिसतो.